तोल सुधारण्याचे व्यायाम

५ फेब्रुवारी १९४७

रोजनिशी ठेवणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे. आज ती मीच लिहायला बसले, याला कारण बेळगावातला एक डॉक्टर. गरगरणाऱ्या बायकांना औषधाचा थेंबही न देता नुसत्या डोळ्यांच्या आणि मानेच्या व्यायामाने बरं करता येतं, असं मी चारचौघांत म्हटलं. तेव्हा या गृहस्थाने चहाचा पेला खाली ठेवला आणि हसून सांगितलं की बायकांचं गरगरणं सासू मेली की थांबतं. सगळे हसले. मी एखादी रोगी बरी करून दाखवली तरी हा म्हणणार की बाईंनी मागाहून रचलं. म्हणून रोजच्या रोज, तारीख घालून, शाईने लिहिणार आहे.

प्रवास झकास झाला. मोटार वेळेवर सुटली, संकेश्वरला चहा बरा मिळाला आणि निपाणीला उतरले तर भुजबली छकडा घेऊन उभा. हा रोग्याचा नवरा. मिशी मोठी, बोलणं कमी. चिकोडीच्या वाटेने दोन्हीकडे तंबाखूची खुडणी चालली होती, ऊन कोवळं होतं आणि पुष्कळ वर्षांनी मला गुणगुणावंसं वाटलं. गुणगुणले नाही. भुजबलीला वाटलं असतं डॉक्टरीण वेडी आहे, आणि त्यांच्या घरी एक पुरे.

घर उत्तम आहे. मंगलोरी कौलं, फरशीचा चौक, पाणी तीनपदरी फडक्यातून गाळलेलं, सूर्य बुडायच्या आत जेवणं आटोपलेली. जैनांच्या घरी निदान पोट बिघडत नाही. दक्षिणेला घर, उत्तरेला तंबाखूची वखार, मध्ये चौक. घर नवं, वखार मात्र भुजबलीच्या आजोबांच्या वेळची.

घराचे मालक पारिसाप्पा, भुजबलीचे वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी मला पाटावर बसवून प्रकरण सांगितलं, म्हैस विकत घेताना सांगतात तसं. सून राजमती वर्षभर गरगरून पडते. एकदा पोरीला कडेवर घेऊन पडली. तेव्हापासून तीन वर्षांची शालन तिच्या हाती द्यायची नाही असा हुकूम आहे. पाडव्यापर्यंत गुण आला तर ठीक, नाही तर राजमतीला सदलग्याला माहेरी पोचवायचं. पोरगी इथेच राहील.

मी विचारलं, सुनेला हे ठाऊक आहे का? आप्पांना प्रश्नच कळला नाही.

राजमती दाराआडून ऐकत होती. हडकुळी, डोळे मोठे, हात रिकामे. शालन मनुबाईच्या मांडीवर होती. मनुबाई ही घरची जुनी मोलकरीण. ती पोरीला भात भरवत होती आणि राजमती घास मोजावेत तशी बघत होती.

६ फेब्रुवारी

तपासणी केली. त्या गृहस्थाला कळावं म्हणून सोप्या शब्दांत लिहिते.

कान ऐकण्यासाठी असतो, हे अर्धंच खरं. त्याच्या आत, हाडात कोरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात, पाण्याने भरलेल्या. मान वळली की आतलं पाणी किंचित मागे राहतं आणि त्यात बुडालेले बारीक केस वाकतात. डोकं कुठे फिरलं ते मेंदूला असं कळतं. शेजारीच एका पडद्यावर चुन्याचे कण पसरलेले असतात. खाली कुठे आहे, हे ते सांगतात. गवंड्याच्या ओळंब्याचं काम ते करतात. कान एक सांगतो आणि डोळा दुसरं, असं झालं की माणसाला गरगरतं. भूत, करणी, सासू, कशाचाही संबंध नाही.

राजमतीला आडवी करून कानात गार पाणी सोडलं. धडधाकट कानाची खूण म्हणजे बुबुळं एका बाजूला सरकतात आणि झटक्याने परत येतात. तिची आली. दुसऱ्या कानातही आली. दोन्ही कान ठणठणीत.

मग गरगरतं का? तिने सांगितलं की घर कलतं. नेहमी एकाच बाजूला, वखारीकडे. जमीन उतरणीची होते आणि घसरावंसं वाटतं. मी फरशीवर पाण्याचा थेंब सोडून दाखवला, तो जागचा हलला नाही. तिने थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नम्रपणे सांगितलं की थेंबाला कळत नसेल.

कान चांगला, डोळा चांगला, म्हणजे मेंदूला खोड लागली. कान काही तरी भलतं सांगतो आणि मेंदू ते खरं मानतो. उपाय हाच, की मेंदूला कानाकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं.

या घरातली एक चाल लिहून ठेवण्यासारखी आहे. कोणीही बसल्या जागेवरून उठताना आधी तळवा जमिनीला टेकवतं, क्षणभर थांबतं आणि मग उठतं. चालता चालता मध्येच खाली बसतात, तळवा टेकवतात, पुन्हा उठून कामाला लागतात. आप्पा, भुजबली, वखारीतल्या बाया, सगळे. का म्हणून विचारलं तर आप्पा म्हणाले, भूमीला नमस्कार. भुजबली म्हणाला, सवय. मनुबाई म्हणाली, तिच्या सासूने शिकवलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि प्रत्येकाला आपलं पटलेलं. शिकली-सवरलेली माणसं शंभर कोसांत नाहीत.

८ फेब्रुवारी

व्यायाम सुरू केले. युद्धात डोक्याला मार बसलेल्या शिपायांसाठी विलायतेत हे काढले आहेत. मी मासिकात वाचले. आधी डोळे वर-खाली, मग डावी-उजवीकडे. मग मान, आधी हळू, मग जोरात, शेवटी डोळे मिटून. मग बसून उठणं, उठून बसणं, आणि एक लिंबू या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या वरून टाकायचं. गरगरेल ते करायचं, हेच औषध. पुन्हा पुन्हा गरगरवलं की मेंदू कंटाळतो आणि दखल घेणं सोडतो.

लिंबू पाहून मनुबाईने पदर तोंडाशी नेला. राजमती डोळे मिटून मान फिरवू लागली तेव्हा तर ती शालनला उचलून परसात गेली. तिथून तिचं बोलणं मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने चाललं होतं. बेळगावची बाई मोठी शिकलेली, पण अंगात आणायला हलगी तरी आणायची, असं ती गाईला सांगत होती.

राजमती पहिल्याच दिवशी ओकली. थांबू का, असं तिने विचारलं नाही. पोरीला घेता येईल का एवढंच विचारलं. मी येईल म्हणाले.

तळवा टेकवायचा नाही, असा तिला सक्त हुकूम दिला. आधार घेतला तर मेंदू शिकणार नाही.

मलाही काल दुपारी किंचित गरगरलं. वखारीतला तंबाखूचा ठसका, दुसरं काही नाही. नव्या माणसाला तो चढतो. पण मी तिच्याबरोबर सगळे व्यायाम करणार आहे. रोग्याला करायला लावायचं आणि स्वतः बघत बसायचं, हे बेळगावच्या त्या गृहस्थाचं काम.

१३ फेब्रुवारी

राजमती कष्टाळू आहे. रडते, पण मान फिरवता फिरवता रडते, वेळ घालवत नाही. ओकणं थांबलं. माझं गरगरणं जवळजवळ गेलं.

वखारीत गुंडू म्हणून एक हमाल आहे. धिप्पाड, तोंडात कायम तंबाखू, आणि अर्ध्या निपाणीची नक्कल करून दाखवतो. त्याने खिडकीतून आमचे व्यायाम पाहिले आणि दुपारच्या सुट्टीत बायांसमोर डोळे मिटून मान घुमवायला लागला. भविष्य सांगितलं की आप्पांना म्हैस होईल आणि म्हशीला मिशी येईल. बाया लोळत होत्या. मला पाहून थांबेल वाटलं, तर हात जोडून म्हणाला की बाई, तंबाखूनं माझंबी डोस्कं फिरतंय, मला चेला करा की. मी म्हटलं नक्कल नीट कर, मान पुरी वळत नाही. तेव्हापासून तो रोज करतो. बाया हसतात म्हणून करतो, पण बरोबर करतो.

आप्पा दर संध्याकाळी विचारतात, किती गुण आला, आण्यात सांगा. मी सांगितलं कान काही बाजारात तोलत नाहीत.

२० फेब्रुवारी

राजमती डोळे मिटून चौक ओलांडते. कशाला न धरता. बसत नाही, तळवा टेकवत नाही. घर कलल्यासारखं वाटतं का विचारलं, तर म्हणाली की नाही, आता घर गप्प झालं.

शालनला मात्र सवय लागली आहे. खेळता खेळता थबकते, मटकन बसते, तळवा फरशीवर दाबते, पुन्हा खेळू लागते. मोठ्यांचं पाहून शिकली. मी मनुबाईला म्हटलं की पोरीची खोडही मोडायला हवी, आईबरोबर तिलाही बसव व्यायामाला. मनुबाईने पोरीचे केस विंचरायला घेतले. फार जोरात विंचरले.

गुंडूही आता बसत नाही. इतर हमाल पाठीवर ओझं घेऊन मध्येच टेकतात तेव्हा हा ताठ उभा राहून त्यांना म्हातारे म्हणतो. बेळगावला परतले की दोन रोगी बरे केल्याचं सांगणार आहे.

२४ फेब्रुवारी

गुंडू मेला.

दुपारी वखारीत. मला बोलावलं तेव्हा प्राण गेलेला होता. वखारीच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या पायाशी पडला होता. कवटी मागून फुटलेली, बरगड्या आत गेलेल्या, दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली. असं शरीर मी एकदाच पाहिलं आहे. बेळगावात किल्ल्याच्या तटावरून खंदकात पडलेला एक गवंडी माझ्यासमोर आणला होता.

वखारीत पडायला उंची नाही. तंबाखूची बोदं, म्हणजे ठासलेली पोती, माणसाच्या कमरेएवढी रचलेली आहेत. रक्ताचा डाग जमिनीवर नाही, भिंतीवर आहे, त्याच्या डोक्याच्या उंचीवर.

बाया म्हणतात, आम्ही बसलो होतो. तो उभा होता. मग तो पडला. कुठे पडला विचारलं तर भिंतीकडे हात करतात. माणूस भिंतीकडे पडत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्या ऐकून घेतात. रात्रीची शाळा काढली पाहिजे यांच्यासाठी.

बोद अंगावर कोसळून मृत्यू, असं आप्पांनी फौजदाराला सांगितलं. मीही तसंच लिहून दिलं. दुसरं काय लिहिणार?

२५ फेब्रुवारी

मनुबाई आज माझ्यापाशी आली, आपण होऊन. गुंडू पहिला नाही म्हणाली. आप्पांचा धाकटा भाऊ आण्णाप्पा, जन्माचा बहिरा आणि मुका, तो त्याच भिंतीपाशी असाच सापडला होता. त्याला उभ्या जन्मात कधी गरगरलं नाही. जत्रेत पाळण्यात बसून बाकीची पोरं ओकायची आणि हा हसायचा.

मग तिने एकच वाक्य नीट सांगितलं, माझ्याकडे न बघता.

“गरगरलं की बसायचं, बाई. बसलेलं माणूस पडत न्हाई.”

मी तिला जायला सांगितलं. जन्मतः बहिऱ्या मुक्या माणसांत पुष्कळांच्या कानातल्या त्या नळ्याही निकामी असतात. त्यांना गोल फिरवा, बोटीत बसवा, गरगरत नाही. हे पुस्तकात आहे. मनुबाईने पुस्तक वाचलेलं नाही.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

१ मार्च

आज राजमतीने शालनला उचललं.

आप्पांच्या समोर, चौकाच्या मधोमध. कडेवर घेऊन चार फेऱ्या घातल्या, वळली, वाकली, डोळे मिटून उभी राहिली. आप्पांनी आत जाऊन गुळाची ढेप आणली आणि वखारीतल्या बायांना वाटली. भुजबली खांबाआड उभा राहून नाक पुसत होता. सदलग्याला जायचं रद्द.

२ मार्च

राजमती काल रात्री पोरीला घेऊन निजली. सकाळी तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पोरीचं डोकं रात्रभर त्यावर होतं म्हणून. मुंग्यासुद्धा तिने मला आनंदाने सांगितल्या.

बेळगावच्या गृहस्थाला पत्र लिहायला घेतलं आहे. पुरं केलं नाही. उद्या करीन.

३ मार्च

आज दुपारचं लिहून ठेवते. अर्थ लावत नाही.

मी पडवीत होते. चौकात धुणं चाललं होतं. एकाएकी मनुबाई बसली. मग वखारीच्या दारातली बाई बसली. आप्पा हिशेब सांगता सांगता बसले. भुजबली बसला. शालन हातातला बाहुला टाकून बसली. सगळ्यांचे तळवे फरशीवर. कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं. मनुबाईची पाठ बाकीच्यांकडे होती.

उभ्या दोघीच. राजमती दोरीवर लुगडं टाकत होती. आणि मी.

मला काही जाणवलं नाही. काहीही नाही. दोरीवरचं लुगडं मात्र वखारीकडे ताणलं गेलं आणि तसंच राहिलं. वारा नव्हता. मग सैल पडलं आणि सगळे उठले.

आतापर्यंत मी हे पाहिलं नव्हतं असं नाही. पाहून मी हसत होते.

४ मार्च

स्वतःच्या कानात गार पाणी सोडून घेतलं. खोली गरगर फिरली. म्हणजे कान चांगला आहे. तो सांगतोही. मेंदू त्याचं ऐकत नाही. हेच मी शिकवलं. राजमतीला, गुंडूला, मला.

गरगरणं परत आणायचा व्यायाम कुठल्याही मासिकात नाही. आज दिवसभर मान स्थिर ठेवून बसले. डोळे बांधून बसले. दुपारी बाहेर सगळे बसले तेव्हा मला काही कळलं नाही. मनुबाईने खिडकीवर टकटक केली म्हणून कळलं.

राजमतीला बाजूला घेऊन सांगितलं. मी स्वतः सांगितलं, की इतर बसले की तूही बस. कळो न कळो, त्यांच्याकडे लक्ष ठेव आणि बस. ती हसली. मग कळलं की मी खरंच सांगते आहे, तेव्हा तिचा चेहरा उतरला. आप्पा बघतात, म्हणाली. ती बसली की आजार उलटला म्हणतील. शेवटी मला म्हणाली, हळू, आत कोणी ऐकू नये म्हणून:

“बसले तर पोर जाईल, आक्का. मी न्हाई बसणार.”

मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले की परवा तुम्हीच बसू नका म्हणून ओरडत होता. आता गुण आला तर तुमचं काय जातंय, जास्त दिवस राहून फी वाढवायची आहे काय? या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, फी नको, सुनेला बसू द्या. म्हणाले, बसली तर सदलगा.

५ मार्च

आज पुन्हा. आता रोज येतं. गुंडूच्या आधी आठवड्यातून कधी तरी यायचं, असं मनुबाई म्हणते. चटावलं, हा शब्द तिने वापरला. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

राजमतीला लुगड्याच्या पदराने खांबाला बांधून घे म्हणाले. घरच्या सुनेला बांधतात ती वेडी असली की, असं उत्तर आलं. भुजबलीला सांगितलं. तो वडिलांना विचारतो म्हणाला. तीस वर्षांचा घोडा.

उद्या तिला घेऊन बेळगावला जाणार. पोरीसह. आप्पांनी काहीही म्हणू दे. छकडा सांगून ठेवला.

६ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

सकाळी. छकडा जुंपत होते. राजमती चौकात, शालन कडेवर. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. मी पडवीच्या आत.

शालन किंचाळली. खाली उतरव म्हणून लाथा मारायला लागली. मनुबाई बसली होती. भुजबली बैलाच्या पायाशी बसला. मी ओरडले. बस म्हणून ओरडले.

राजमतीने आप्पांकडे पाहिलं. मी पाहिलं तिला आप्पांकडे पाहताना.

मग पोरीला खाली ठेवलं. एवढं केलं. पोर बसली, तळवा टेकवला.

आणि राजमती पडली. चौकातून आडवी. विहिरीत पडतं तशी, पाय मागे, हात पुढे, पदर आधी. वखारीच्या भिंतीपर्यंत. किती वेळ लागला तिला— आवाज शेवटी आला.

मीही. पडवीचा खांब मध्ये होता म्हणून खांद्यावर निभावलं. मला आत्तापर्यंत वाटत होतं मी उभी आहे. खांबाला चिकटून आडवी लोंबत होते आणि मला वाटत होतं मी उभी आहे.

७ मार्च

राजमतीला स्मशानात नेलं. मी पाहिलं नाही. मनुबाईने मला खांबाला बांधलं आहे, छकड्याच्या दोराने. मीच सांगितलं.

आप्पा ओट्यावरून उठलेले नाहीत. तळवा फरशीवर. उठवायला गेलं की दाबून धरतात.

वखारीतल्या बाया गेल्या सगळ्या.

आज किती वेळा आलं ते— मनुबाई बसते तेव्हा मी दोर धरते. ती विहिरीवर गेली की मला कळत नाही. नुसतं धरून बसायचं.

बसूनही काही उपयोग नाही, मला. बाकीच्यांना बसल्यावर जमीन लागते. मला हाताखाली फरशी लागते आणि तरी दोर ताणतो. ती चाल शरीराने करायची असते, मला तिची नक्कल करता येते—

८ मार्च

रात्रभर मान फिरवली. उलट. डावीकडून. उलट केलं तर कदाचित—

नाही.

घर गप्प. राजमती म्हणाली होती तसं. अगदी गप्प.

दोर दोन ठिकाणी विरला आहे. भुजबलीला दुसरा आण म्हटलं. तो रडतो आहे. रडत आणायला काय होतं?

९ मार्च

छकडा आला. राजमतीचा भाऊ सदलग्याहून आला आहे, भरमू नावाचा. पोरीला आणि मनुबाईला नेणार. मग मला न्यायला परत येणार. आधी मला न्यायचं, असं ते सगळे म्हणत होते. चौक ओलांडून छकड्यापर्यंत मला चौघांनी धरावं लागेल, आणि ते आलं की ते चौघे बसणार. बसलेच पाहिजेत. मी नको म्हटलं.

आप्पा पोर देत नव्हते. भुजबली पहिल्यांदाच वडिलांना काही तरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही.

हवाली केलं ते लिहिते. भरमूचा अंगठा खाली घेईन.

शालन, वय तीन. अंगावर जखम नाही. उजव्या गुडघ्याला जुनं खरचटलेलं. आईचं हिरवं लुगडं, एक. चांदीच्या तोरड्या, आईच्या. बाहुला, त्याचा एक हात नाही. बरोबर मनुबाई, तिला पोरीपासून दूर करू नये.

झोपताना आईचा हात डोक्याखाली लागतो. पाच दिवसांची सवय आहे. जाईल.

पोर अजून घाबरून—

बाहेरचं बोलणं थांबलं. भरमूसुद्धा गप्प झाला. दोर—

हे आधी लिहिते. पोरीला गरगरतं. तिला गरगरू द्यावं. सदलग्यात, चिकोडीत, बेळगावात, कुठल्याही डॉक्टरने तिचं गरगरणं बरं करायला गेलं तर त्याला हे दाखवावं आणि सांगावं की तिला कोणीही